खंबाटकीत गाडी दम सोडते: टाकीतला पंप पुन्हा गेला, की दुसरंच काही?

मुठाकाठची · रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण मागच्या वेळी गॅरेजमध्ये दोन वाक्यांत सांगून पैसे घालवले, म्हणून इथे सगळं लिहिते.

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, ८८ हजार किलोमीटर, सीएनजी नाही. मी सिंहगड रोडला राहते. आई साताऱ्याला एकटी असते. तिला दर महिन्याला तपासणीला पुण्यात आणते आणि परत सोडते. एरवी गाडी ऑफिस-घर.

शहरात काही त्रास नाही. सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते. पण महामार्गावर तासभर चालली आणि पुढे चढ लागला की दम सोडते. आज दुपारी आईला सोडायला निघाले होते. खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू, मागे आई आणि माझी सहा वर्षांची मुलगी. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी पुढे जायच्या ऐवजी कुणीतरी मागून धरल्यासारखी अडायची. मग आचके. दुसऱ्यात घेतली तरी तेच. वळणावर मागे भरलेला ट्रक. कशीबशी कडेला घेतली आणि तिथे बंदच पडली. पंधरा-वीस मिनिटांनी चालू केली तर अशी चालली की जणू काही झालंच नव्हतं.

हेच मागच्या नोव्हेंबरमध्ये झालं होतं. तेव्हा आधी प्लग बदलले, मग एक कॉइल, मग थ्रॉटल बॉडी साफ केली, आणि शेवटी "पंप गेलाय" म्हणून टाकीतला पंप बदलला. त्यानंतर सहा महिने गाडी छान चालली. आता त्याच गॅरेजचं म्हणणं, तो पंप डुप्लिकेट निघाला असेल, आता ओरिजिनल टाकू. साडेसात हजार सांगितलेत.

पैसे द्यायची तयारी आहे. पण खरंच पंप गेला आहे का, हे बदलण्याआधी कसं कळेल? आई गाडीत असताना घाटात पुन्हा असं व्हायला नको.

---

डावीकडून_ओव्हरटेक_नको · रविवार, रात्री १०:०५

चेक इंजिनचा दिवा लागला होता का? आणि टाकीत पेट्रोल किती होतं?

---

पाना_बारातेरा · रविवार, रात्री १०:५०

ताई, माझं भोसरीला छोटं गॅरेज आहे. तुम्ही लिहिलंय ते वाचून पंपाकडेच बोट जातं. पण नुसतं बोट गेलं म्हणून माल बदलायचा नसतो. आधी थोडं विचारतो.

गाडी मरते कशी, यावर पुष्कळ कळतं. चावी काढल्यासारखी एका क्षणात मेली, टॅकोमीटरचा (इंजिनचे फेरे दाखवणारा) काटा धाडकन शून्यावर आला, तर संशय क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा) किंवा इग्निशनवर घ्यायचा. क्रँक सेन्सरही गरम झाल्यावरच बंद पडतो आणि थंड झाला की चालतो, म्हणून त्याची आणि पंपाची लोक नेहमी गल्लत करतात. पण गाडी आधी ओढ कमी करत आली, अडखळली, आचके दिले, ॲक्सिलरेटर थोडा सोडल्यावर जरा सावरली आणि मग मेली, तर ती उपाशी मरते आहे. म्हणजे पेट्रोल पोचत नाही.

आणखी एक. चावी ऑन केल्यावर, सेल्फ मारायच्या आधी, मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद "झूंऽऽ" असा बारीक आवाज येतो का? तो पंप लाइनमध्ये प्रेशर भरत असतो. आवाज पूर्वीसारखा आहे, की कण्हल्यासारखा मोठा झालाय?

---

मुठाकाठची · सोमवार, सकाळी ७:१५

दादा, अगदी दुसरा प्रकार. पाय जरा उचलला की सावरायची, पुन्हा दाबला की अडायची. काटा हळूहळू खाली आला. "उपाशी मरते" हा शब्द बरोबर बसतो.

आत्ता खाली पार्किंगमध्ये जाऊन आले. आवाज येतो. सकाळी व्यवस्थित आहे. काल घाटात चालू करताना मात्र बारीक, दबल्यासारखा वाटला होता. तेव्हा गडबडीत लक्ष दिलं नाही.

पेट्रोल अर्ध्याच्या वर होतं. दिवा लागला नाही.

---

पेठेतला_पेट्रोलवाला · सोमवार, सकाळी ९:३०

मला वाटतं मूळ दुखणं ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. जुन्या गाड्यांचे पंप, रबर, सील यासाठी बनलेले नाहीत. माझ्या २०११ च्या गाडीचा मायलेज चांगलाच घसरलाय. पंप दोनदा बदला नाही तर चारदा, पेट्रोल हेच राहणार.

---

चाकण_शिफ्ट · सोमवार, दुपारी १:१०

इंधन प्रणालीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो, म्हणून थोडं लिहितो.

इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे मायलेज थोडा कमी होणं समजण्यासारखं आहे. इथेनॉल ओलावा ओढतं, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत टाकीच्या तळाशी पाणी आणि गंज हा धोका खरा आहे. जुन्या रबराचीही काळजी खरी आहे. पण ताईंची गाडी रोज चालते. आणि सकाळी ठणठणीत, तासाभराने आजारी, वीस मिनिटांनी पुन्हा ठणठणीत हे इंधनाच्या प्रतीचं लक्षण नाही. पेट्रोल तेच आहे ना टाकीत! इथे काहीतरी गरम होतंय आणि थंड झाल्यावर सुधारतंय. ते काय, हे शोधायचं आहे.

---

सीएनजीवाली · सोमवार, दुपारी ३:२५

ताई, तुमच्या गाडीला सीएनजी नाही, पण हा धागा पुढे कुणी वाचेल म्हणून लिहिते. ज्यांच्याकडे दोन्ही आहे, त्यांच्यासाठी सर्वात सोपी तपासणी बटणावर आहे. पेट्रोलवर आचके आणि सीएनजीवर टाकल्यावर मक्खन, तर दोष पेट्रोलच्या बाजूला: पंप, फिल्टर, इंजेक्टर. दोन्हींवर सारखेच आचके, तर प्लग, कॉइल, सेन्सर.

आणि माझी चूक करू नका. वाघोलीला सीएनजीच्या रांगेत तासन्‌तास उभं राहायचं आणि पेट्रोल शंभर-दोनशेचं टाकायचं, असं तीन वर्षं केलं. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो, हे मला पंप गेल्यावर कळलं. तळाला चार थेंब पेट्रोल असेल तर तो तापतो, आणि तळाचा गाळ जाळीत ओढतो तो वेगळाच. आता पाव टाकीच्या खाली जाऊ देत नाही.

---

पाना_बारातेरा · सोमवार, रात्री ९:००

छान सांगितलंत.

ताई, आता पैसे न खर्चता होणारी तपासणी. तुमची गाडी २०१४ ची, म्हणजे स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर वाचायचं सॉकेट आहे. तिथे लावायचा ब्लूटूथ स्कॅनर हजाराच्या आत मिळतो. कुणाकडून उसना मिळाला तर उत्तम. त्यात "फ्युएल ट्रिम" नावाचं रीडिंग असतं, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म. इंजिनचा कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरवरून बघतो की मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय का, आणि कमी असेल तर इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवतो. किती टक्के जास्त, ते हे रीडिंग सांगतं. शून्याच्या आसपास, पाच-सहा टक्के इकडेतिकडे म्हणजे तब्येत ठीक.

बघायचं काय? उभ्या गाडीत ट्रिम जास्त आणि रेस केल्यावर कमी होत असेल, तर कुठूनतरी फुकटची हवा आत येते आहे, पाइप फाटलाय किंवा गॅस्केट गेलंय. उलट उभ्या गाडीत ठीक आणि चढावर, लोडवर वाढत जात असेल, तर पेट्रोल पुरत नाही. एअर-फ्लो सेन्सर मळला असेल तरी असंच दिसू शकतं, तेवढं लक्षात ठेवू. रीडिंग शेजारच्या सीटवरच्या माणसाने वाचायचं. तुम्ही फक्त गाडी चालवायची.

---

मुठाकाठची · बुधवार, रात्री ८:२०

भावाला शेजारी बसवलं. सकाळी थंड गाडीवर काहीच विशेष नाही. म्हणून संध्याकाळी आधी तासभर फिरवली, मग नवले पुलापासून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढलो. दोनदा.

उभ्या गाडीत लाँग टर्म +३. सपाट रस्त्यावर ८० च्या वेगाने +९. चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, दोन्ही मिळून +२१ ते +२४, आणि दुसऱ्या फेरीत हलके आचके सुरू झाले. घरी येऊन कोड बघितला तर "पेंडिंग" मध्ये पी ०१७१ आहे. दिवा मात्र अजूनही लागलेला नाही.

---

डावीकडून_ओव्हरटेक_नको · बुधवार, रात्री ८:३५

लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेल्या मिश्रणाचा कोड! मग पंपच की.

---

पाना_बारातेरा · बुधवार, रात्री १०:१५

पेट्रोल कमी पडतंय हे नक्की झालं. का कमी पडतंय, ते अजून नाही. आता प्रेशर गेज लावावा लागेल, आणि हे काम ताई घरी करायचं नाही. लाइनमध्ये साडेतीन बारच्या आसपास प्रेशर असतं, कपलिंग काढलं की पेट्रोलचा फवारा उडतो. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, मग बॅटरीची निगेटिव्ह काढायची, मग लाइनला हात लावायचा. तेही मोकळ्या हवेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये ती जमिनीलगत साठून राहते आणि कुठल्याही ठिणगीने पेटते.

बहुतेक ठिकाणी गेज लावतात, गाडी उभ्या उभ्या चालू करतात, साडेतीन दिसलं की म्हणतात पंप ठीक. ही तपासणी अर्धीच. उभ्या गाडीला तासाला लिटरभर पेट्रोल लागतं. पूर्ण दाबलेल्या ॲक्सिलरेटरवर तुमच्याएवढ्या इंजिनला तासाला वीस लिटरच्या आसपास लागतं. थकलेला पंपही उभ्या गाडीला पुरून उरतो, त्यामुळे प्रेशर टिकतं. तो उघडा पडतो तो चढावर. म्हणून मी गेजचा पाइप लांब घेतो, बॉनेटच्या फटीतून बाहेर काढतो, गेज समोरच्या काचेवर बाहेरून वायपरपाशी पक्का बांधतो आणि गाडी चढावर नेतो. गेज कधीही आत केबिनमध्ये घेत नाही, त्या पाइपात पेट्रोल असतं.

शनिवारी गाडी घेऊन या. दिवसा, रहदारी कमी असताना करू.

---

मुठाकाठची · शनिवार, दुपारी ४:४०

दादांच्या गॅरेजमधूनच लिहिते आहे.

उभ्या गाडीत ३.५ बार. रेस दिली तरी ३.५. इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी ३.१, म्हणजे पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप) आणि इंजेक्टर गळत नाहीत. म्हणूनच सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते, असं दादा म्हणाले. मग गाडी पाऊण तास फिरवली आणि दिवे घाटात नेली. चढावर ३.४, मग २.९, मग २.१, आणि आचके. पाय सोडला की पुन्हा वर. डोळ्यांनी बघितलं.

दादांकडे आजच पंप मिळतो आहे. टाकू का?

---

वायरमनकाका · शनिवार, संध्याकाळी ५:२०

थांबा. कृपा करून थांबा.

ताई, मी पस्तीस वर्षं गाड्यांची वायरिंगची कामं केली, आता हात थरथरतो म्हणून बंद केली. आतापर्यंत सगळी तपासणी उत्तम झाली, बारातेराने सांगितलेला शब्द न्‌ शब्द बरोबर आहे. पण अजून कुणी पंपाच्या पोटात काय जातंय ते मोजलेलं नाही. पंप म्हणजे शेवटी एक मोटर. तिला १३ व्होल्ट हवेत. तिला १० च दिले तर नवीकोरी मोटरही सावकाश फिरेल, आणि तुमच्या गेजवर ती अगदी थकलेल्या पंपासारखीच दिसेल. तुमच्या पहिल्या मजकुरातल्या दोन गोष्टी मला खटकल्या. एक, नवा पंप सहा महिन्यांत. दोन, घाटात आवाज दबलेला. झिजलेला पंप सहसा मोठ्याने कण्हतो. दबलेला आवाज हा कमी व्होल्टचा आवाज असतो.

मोजायचं असं. मागची सीट काढा, पंपाचं झाकण उघडा, कपलर न काढता मागच्या बाजूने पिनांना दोन पातळ वायरी लावा, चांगल्या इन्सुलेट करा आणि पुढच्या सीटपर्यंत आणा. मीटर तिथे. गाडी गरम होऊ द्या. मग तीन आकडे घ्या: बॅटरीवर किती, पंपावर किती, आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून पंपाच्या निगेटिव्हपर्यंत किती. हा तिसरा आकडा शून्याच्या जवळ हवा, ०.२ म्हणजे ठीक.

मीटर ओहमवर ठेवून वायर तपासू नका. ओहमवर मीटर इतका कमी करंट सोडतो की दहा तारांपैकी नऊ तुटल्या आणि एक उरली, तरी तो म्हणतो वायर चांगली आहे. एका तारेवरून मीटरचा करंट जातो, पंपाचे चार-पाच ॲम्पिअर जात नाहीत. मी पूर्वी पंपाचा कपलर काढून त्याच्या जागी हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब लावायचो. तो साधारण पंपाएवढाच करंट ओढतो. बल्ब पिवळट पेटला की वायरिंगमध्ये दोष, हे गिऱ्हाइकालाही दिसायचं. गिऱ्हाइकाला दिसलं की त्याला पटतं.

आणि एक विचारतो. गाडी कधी पाण्यात उभी होती का?

---

मुठाकाठची · शनिवार, संध्याकाळी ५:४५

काका, तुम्हाला कसं कळलं?

हो. २०२४ मध्ये २५ जुलैला. आम्ही एकता नगरीच्या बाजूला राहतो. खडकवासल्याचं पाणी सोडलं आणि पहाटे मुठेचं पाणी सोसायट्यांत शिरलं, ते तुम्ही सगळ्यांनी बातम्यांत बघितलंच असेल. आम्ही आधी शेजारच्या आजींना वर नेलं, गाड्यांचं नंतर सुचलं. गाडीत पाणी सीटच्या खालपर्यंत आलं होतं. इंजिनात गेलं नाही, आम्ही ती सुरूही केली नाही. टो करून नेली, गालिचे काढून वाळवले, तेल बदललं. चालू झाली म्हणून सुटलो असं वाटलं. याचा त्याच्याशी संबंध असेल हे डोक्यातही आलं नाही.

---

वायरमनकाका · शनिवार, संध्याकाळी ६:००

बहुतेक गाड्यांत पंपाची अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी वायर, मागच्या सीटच्या आसपास किंवा दाराच्या उंबऱ्यालगत गालिच्याखाली बॉडीला बोल्टने कसलेली असते. पुराचं पाणी साधं पाणी नसतं, त्यात गाळ असतो, क्षार असतात. गालिचा वरून वाळतो, खालचा फोम महिनाभर ओला राहतो. आकडे घ्या आणि मग बोलू. पंप घेऊ नका.

---

पाना_बारातेरा · शनिवार, रात्री ९:३०

काका, मी हे आधीच करायला हवं होतं. गेजवर प्रेशर पडलेलं बघितलं आणि पंप ठरवून मोकळा झालो. ताई, गाडी माझ्याकडेच ठेवा, उद्या काकांच्या पद्धतीने मोजतो.

---

मुठाकाठची · रविवार, दुपारी २:१०

आकडे. मीटर मी स्वतः हातात धरला होता.

थंड गाडी, चालू: बॅटरीवर १४.१, अर्थिंगच्या बाजूला ०.९.
चाळीस मिनिटं चालवल्यावर, एसी लावून: बॅटरीवर १३.९, पंपावर १०.३. प्लसच्या बाजूला फक्त ०.४ गळतात. अर्थिंगच्या बाजूला ३.२.

क्लॅम्प मीटरवर पंपाचा करंट ४.६ ॲम्पिअर.

मग गालिचा उचलला. मागच्या सीटसमोर उजव्या उंबऱ्यापाशी, प्लास्टिकच्या पट्टीखाली, एका बोल्टवर तीन वायरी. लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) हिरवा पडलेला, बोल्टखाली पांढरट-हिरवी पूड, आणि त्यातल्या एका काळ्या वायरीचं कव्हर चार बोटं लांबीपर्यंत करपून कडक झालेलं. फोम दाबला तर अजूनही नदीच्या गाळाचा वास आला. दहा महिने झाले!

---

वायरमनकाका · रविवार, दुपारी ३:३०

सापडलं.

आता हे वीस मिनिटांचं कोडं उलगडतं. ३.२ व्होल्ट गुणिले ४.६ ॲम्पिअर, म्हणजे जवळजवळ १५ वॉट त्या एका हिरव्या लगमध्ये जळत होते. छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता. लग तापला की त्याचा विरोध वाढतो, विरोध वाढला की पंपाला व्होल्ट आणखी कमी, आणि हे चक्र चालू. गाडी थांबवली, लग निवला, गाडी पुन्हा चालू. शहरात तुम्हाला त्रास नव्हता कारण शहरात पंपाकडे मागणीच कमी.

दुरुस्ती नीट करा. नुसता बोल्ट घासून परत कसू नका, सहा महिन्यांनी पुन्हा याल. वायर मागे कापत जा, आतलं तांबं लालसर चकचकीत दिसेपर्यंत. गंज तारेच्या आतून वर चढतो, काळी तार दिसली तर आणखी मागे. तेवढ्याच जाडीची नवी वायर, नवा टिन केलेला लग, नीट दाबून, वर गोंदवाली हीट-श्रिंक नळी. बॉडीवरचा रंग लगच्या आकाराएवढाच घासायचा, कसून झाल्यावर वरून ग्रीस. त्या बोल्टवरच्या बाकीच्या दोन वायरीही तशाच करा. आणि बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, टाकी शेजारीच आहे.

---

पेठेतला_पेट्रोलवाला · रविवार, दुपारी ४:०५

काका, मग नोव्हेंबरमध्ये नवा पंप टाकल्यावर गाडी सहा महिने कशी चालली? हे मला अजून पटत नाही.

---

वायरमनकाका · रविवार, दुपारी ४:५०

प्रश्न रास्त आहे. नवा पंप आतून घट्ट असतो, त्याच व्होल्टवर जुन्यापेक्षा जास्त पेट्रोल ढकलतो. त्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी थंडी. सीट काढताना-बसवताना वायरी हलल्या, गंजाचा पापुद्रा थोडा सुटला, काही दिवस बरं वाटलं. गंज थांबला नव्हता. मे आला आणि उरलीसुरली गुंजाइश संपली.

---

चाकण_शिफ्ट · रविवार, सायंकाळी ७:१५

माझं मत थोडं वेगळं. सहा महिने कमी व्होल्टवर चाललेला पंप आता बदललेला बरा. आई गाडीत असणार आहे, पुन्हा जोखीम कशाला?

---

पाना_बारातेरा · रविवार, रात्री ९:२०

काळजी समजते. पण दुरुस्तीनंतर पुन्हा मोजू आणि पंपालाच बोलू देऊ. करंट सारखा आला, चढावर प्रेशर टिकलं, आवाज साफ आला, तर चांगला पंप काढून टाकायचं कारण नाही. पंपाला पेट्रोलवर फिरताना त्रास झालेला नाही, तो फक्त सावकाश फिरत होता. कोरडा चालला असता तर मीही बदला म्हटलं असतं.

ताई, नोव्हेंबरमध्ये काढलेला जुना पंप तुमच्याकडे आहे का?

---

मुठाकाठची · रविवार, रात्री ९:३५

आहे! बदललेला माल परत घ्यायचा ही बाबांची शिस्त. माळ्यावर खोक्यात आहे. उद्या आणून देते.

---

मुठाकाठची · मंगळवार, रात्री ८:५०

काल दुरुस्ती झाली. काकांनी सांगितलं तशीच. वायर वीतभर मागे कापावी लागली, तेव्हा कुठे लाल तांबं दिसलं. फोमचा तो तुकडा काढून टाकला.

नवे आकडे, गरम गाडी, एसी चालू: बॅटरीवर १३.९, पंपावर १३.४, अर्थिंगच्या बाजूला ०.१. करंट ४.८. दिवे घाटात प्रेशर ३.४ च्या खाली आलं नाही. ट्रिम चढावर +५.

दादांनी जुना पंप त्यांच्या टेस्ट बेंचवर चालवला. तीस सेकंदांत अर्ध्या लिटरच्या वर. तो चांगला होता. नोव्हेंबरमध्ये बदलायची गरजच नव्हती.

त्या गॅरेजवर मी चिडले नाही असं म्हणणार नाही. त्यांनी एकदा मीटर लावला असता तर खंबाटकीतला तो अर्धा तास टळला असता. आईने तेव्हा मुलीला मांडीवर घेतलं होतं आणि तिच्याशी गाण्याच्या भेंड्या खेळत होती, म्हणजे तिला ट्रकचे हॉर्न ऐकू येऊ नयेत.

---

सीएनजीवाली · मंगळवार, रात्री ९:१०

वाचून गलबलून आलं. आईंना नमस्कार सांगा.

---

नदीकाठ_बी_विंग · बुधवार, सकाळी ८:००

आमचीही गाडी २५ जुलैला पाण्यात होती. अजून काही त्रास नाही, पण मागच्या महिन्यापासून मागचा एक दिवा मंद जळतो आणि इंडिकेटर दिला की ब्रेक लाइट किंचित लुकलुकते. हे तेच का?

---

वायरमनकाका · बुधवार, सकाळी ८:४५

तीच जात. एक दिवा लावला की दुसरा लुकलुकतो, याचा अर्थ दोघांची अर्थिंग एकच आहे आणि ती सुटत चालली आहे. करंट परतीची वाट शोधत दुसऱ्या बल्बमधून जातो. डिकीच्या कोपऱ्यातले, दिव्यांच्या मागचे अर्थ बोल्ट उघडा. पुढे उंबऱ्याजवळचे दोन्ही बाजूंचे. पावसाळा सुरू व्हायच्या आधी करा. सीटा बाहेर काढून फोम उन्हात दोन दिवस वाळवा, आता ऊन कडक आहे. एअरबॅगची पिवळी कपलर दिसली तर त्यांना हात लावू नका, ते काम अधिकृत ठिकाणी.

---

मुठाकाठची · बुधवार, सकाळी ९:१०

बी विंगवाले, तुम्ही आमच्याच बाजूचे दिसता. माझ्याकडे लग, हीट-श्रिंक आणि नाना पेठेतून आणलेली वायर उरली आहे, घेऊन जा. आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकते, त्या दिवशी खालच्या पार्किंगमध्ये आमच्या ओळीतच अकरा गाड्या होत्या.

---

मुठाकाठची · तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:००

आज आईला सोडून आले. खंबाटकी तिसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू, चौघे जण. एकदाही अडली नाही. वर पोचल्यावर आई म्हणाली, "अगं, घाट संपला सुद्धा?"

आमच्या ओळीतल्या अकरापैकी सात गाड्या तपासून झाल्या. चार गाड्यांचे उंबऱ्याजवळचे लग हिरवे निघाले. उरलेल्या चार गाड्या या शनिवारी.